सेप्सिसमध्ये कॉम्प्लिमेंट मोजताय? या चुका टाळा

सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाने सगळं शरीर बिथरलेल्या, रुग्णाच्या रक्ताची लाल टोपणाची ट्यूब माझ्या लॅबच्या टेबलावर ठेवून "मॅडम, यातून सी५ए करून द्या" (सी५ए हा कॉम्प्लिमेंट या जंतूंशी लढणाऱ्या रक्तप्रथिनांच्या साखळीतला एक तुकडा) असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारते, रक्त किती वाजता काढलं? उत्तर बहुतेक वेळा "सकाळच्या राउंडला" असं येतं. तोवर दुपारचे दोन वाजलेले असतात. मग मी ती ट्यूब परत देते. समोरच्याचा चेहरा पडतो, पण चुकीचा आकडा देण्यापेक्षा तेवढं मला चालतं.

रक्त काढलं तरी कॉम्प्लिमेंट थांबत नाही

साखर किंवा क्रिएटिनिन मोजताना नमुना थोडा रेंगाळला तर थोडीफार चूक येते. कॉम्प्लिमेंटचं तसं नाही. ही रक्तातली तीसहून जास्त प्रथिनं चेतवली जाण्याची वाट बघत असतात. जंतूवर अँटिबॉडी बसली की क्लासिकल मार्ग सुरू होतो, जंतूच्या पृष्ठभागावरच्या साखरा ओळखल्या गेल्या की लेक्टिन मार्ग. अल्टर्नेटिव्ह मार्गाला तर कुणी बोलावावंही लागत नाही, सी३ पाण्याशी हळूहळू अभिक्रिया करत असतं आणि तो धुमसत राहतो. तिन्ही मार्ग सी३पाशी एकत्र येतात. सी३ तुटलं की सी३बी जंतूला चिकटतं, म्हणजे भक्षक पेशींना तो ओळखू येतो. पुढे सी५ तुटतं. त्यातलं सी५बी जंतूच्या आवरणाला भोक पाडणारा सी५बी-९ हा संच उभारायला घेतं, आणि सी५ए मोकळा सुटतो.

सेप्सिसमधला दाह भडकवण्यात या सी५एचा फार मोठा हात आहे. जेमतेम ७४ अमिनो आम्लांचा तुकडा, पण तो न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना खेचून आणतो, मास्ट पेशींतून हिस्टामिन सोडवतो, केशवाहिन्या झिरपत्या करतो. शिवाय पेशींवर टिश्यू फॅक्टर आणायला लावतो. टिश्यू फॅक्टर आला की रक्त गोठायला लागतं, थ्रॉम्बिन हे गोठवणारं विकर तयार होतं. आणि थ्रॉम्बिन सी३ला वळसा घालून थेट सी५ कापू शकतं, हे २००६ साली सी३ नसलेल्या उंदरांवरच्या अभ्यासातून दिसलं. म्हणजे दाहातून गोठणं आणि गोठण्यातून पुन्हा दाह.

आता त्या लाल टोपणाच्या ट्यूबचा विचार करा. सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव, मिळवायचं म्हणून आपण त्यात रक्त गोठू देतो. रुग्णाच्या अंगात जे चाललंय तेच आपण ट्यूबमध्ये नव्याने सुरू करतो. त्यानंतर सी३ए, सी५ए किंवा सी५बी-९ मोजलं, तर त्यातलं रुग्णाचं किती आणि ट्यूबमधलं किती हे कुणालाच सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वीची एक थेसिस मला अजून आठवते. मुलगी हुशार होती, कष्टाळू होती. आयसीयूमधले सेप्टिक शॉकचे रुग्ण एकीकडे आणि रक्तपेढीतले निरोगी दाते दुसरीकडे, अशी तुलना. रुग्णांचा सी५ए दात्यांच्या कितीतरी पट आला. गाइड खूश, पोस्टर तयार. मला मात्र एक गोष्ट खटकली. जे रुग्ण दुसऱ्या दिवशी उठून बसले त्यांचे आकडे आणि जे गेले त्यांचे आकडे यात काही फरकच नव्हता. सगळे सारखेच उंच.

मी नमुन्यांची वही मागवली. दात्यांचं रक्त रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, बर्फात, आमच्याच तंत्रज्ञाने हाताळलेलं. रुग्णांचं रक्त लाल ट्यूबमध्ये, वॉर्डातल्या इंजेक्शनच्या फ्रीजमध्ये, दोन-तीन नमुने जमले की वॉर्डबॉय मामांच्या पुढच्या फेरीत लॅबला. मामांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझंच रक्त दोन ट्यूबमध्ये काढायला लावलं. ईडीटीएची ट्यूब बर्फातून थेट सेंट्रिफ्यूजमध्ये गेली, लाल ट्यूब मामांच्या फेरीची वाट बघत वॉर्डात राहिली. लाल ट्यूबमधला माझा सी५ए सेप्टिक शॉकच्या रुग्णांच्या बरोबर मध्ये येऊन बसला. मला तेव्हा साधा तापही नव्हता.

पाच महिन्यांचे नमुने वाया गेले. मुलीने पुन्हा पहिल्यापासून गोळा केले. मला जास्त लागलं ते वेगळंच. त्या रुग्णांच्या नातेवाइकांनी आयुष्यातल्या सगळ्यात वाईट तासात, आयसीयूच्या दाराबाहेर उभं राहून संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या. त्यांचं देणं आपण फ्रीजमध्ये नासवलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. ईडीटीए ट्यूब आधीच बर्फात गार करून ठेवायची, रक्त काढल्याबरोबर परत बर्फात. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही धरून ठेवतं, त्यामुळे नव्याने सुरू होणारे मार्ग अडतात. अर्ध्या तासाच्या आत थंड सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा (पेशी वेगळ्या काढल्यावर उरणारा द्रव) छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांना. ईडीटीए घातलं म्हणून निर्धास्त होऊ नका, खोलीच्या तापमानाला आकडे तरीही हळूहळू चढतात. परवडत असेल तर नाफामोस्टॅट हे विकरं अडवणारं औषध घातलेल्या ट्यूब वापरा. लेबलवर तारीख नको, तारीख आणि वेळ हवी. आणि थर्माकोलचा डबा घेऊन मी किंवा माझा तंत्रज्ञ खाटेपाशी जातो. यात वेळ जातो हे खरं. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने दुसरा विषय घ्यावा, विषयांना तोटा नाही.

"सी५ए कमी आला, म्हणजे कॉम्प्लिमेंट शांत आहे"

नमुना नीट घेतला तरी ही दुसरी चूक उरतेच, आणि ती मला पहिलीइतकीच अस्वस्थ करते, कारण ती शिकलेली माणसं करतात.

सी५ए रक्तात फार वेळ राहत नाही. कार्बॉक्सिपेप्टिडेज-एन हे विकर त्याच्या टोकाचं आर्जिनिन लगेच छाटतं, आणि छाटलेल्या रूपाची न्यूट्रोफिलवरची ताकद बरीच घटते. जो छाटला जात नाही तो न्यूट्रोफिलवरच्या सी५एआर१ या ग्राहीला चिकटतो आणि ग्राहीसकट पेशीच्या आत ओढला जातो. म्हणजे प्लाझ्मात दिसतो तो शिल्लक राहिलेला सी५ए. किती तयार झाला आणि किती कामी आला, हे त्या आकड्यात नसतं. बाजार उठल्यावर उरलेली भाजी मोजून दिवसभराची आवक सांगण्यासारखं आहे हे.

सी५एचा भडिमार सोसलेले न्यूट्रोफिल पुढे निकामी होतात, जंतू गिळणं आणि जाळणं दोन्ही मंदावतं. आजाराच्या त्या टप्प्यावर पेशीवरचे सी५एआर१ही घटलेले असतात. अशा रुग्णाचा कमी आलेला सी५ए पाहून सुधारणा आहे असं लिहिणं धोक्याचं आहे. मी एकट्या सी५एवर मत देत नाही. सोबत विरघळलेला सी५बी-९ करते, तो रक्तात जास्त टिकतो. जमलं तर न्यूट्रोफिलवरचा सी५एआर१ फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्राने, बघते. आणि एक नव्हे, निदान तीन वेळांचे नमुने मागते. किटमधला कागदही वाचा. बहुतेक किट अखंड आणि छाटलेला सी५ए एकत्रच मोजतात. तो कागद न वाचता निष्कर्ष लिहिणारे मला दर वर्षी भेटतात.

सी३ नॉर्मल आहे, मग?

मग काहीच सिद्ध होत नाही. दाहात यकृत सी३ जास्त बनवतं, त्यामुळे एकीकडे खर्च आणि दुसरीकडे भर असं चालून आकडा मधेच राहतो. उलट कमी सी३ म्हणजे खर्चच झाला असंही नाही. यकृताच्या सिऱ्हॉसिसमध्ये मुळात कमीच बनतं, आणि शॉकमध्ये सुरुवातीलाच किलोमागे ३० मिली सलाइन गेलं की सगळीच प्रथिनं पातळ होतात. म्हणून मी अल्ब्युमिन आणि एकूण प्रथिनं शेजारी ठेवल्याशिवाय सी३ वाचत नाही. एफएफपी (दात्याचा गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) चढवल्यानंतरचा नमुना तर घेऊच नका, त्यात दात्याचं कॉम्प्लिमेंट आलेलं असतं.

दाह वाढतो ना, मग सगळंच बंद करा

हा उतावीळपणा परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दिसतो आणि कधी कधी प्रकल्पाच्या प्रस्तावांतही. सी३ जन्मतः नसलेल्या मुलांना आवरणधारी जंतूंचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. सी५ अडवणारं एक्युलिझुमॅब २००७ पासून दुसऱ्या आजारांसाठी वापरात आहे, आणि ते घेणाऱ्यांना मेनिंगोकोकस या मेंदूज्वराच्या जंतूची लस द्यावी लागते, कारण सी५बी-९ नसेल तर तो जंतू मोकाट सुटतो. म्हणूनच संशोधकांचा रोख एकट्या सी५एवर आला. १९९९ साली आतड्याला भोक पाडून सेप्सिस घडवलेल्या रॅट जातीच्या उंदरांमध्ये सी५एविरोधी अँटिबॉडीने जगण्याचं प्रमाण वाढल्याचं दाखवलं गेलं. त्याच विचाराच्या विलोबेलिमॅबला अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये आणीबाणीची परवानगी मिळाली, पण ती व्हेंटिलेटर किंवा एक्मोवरच्या (फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावरच्या) कोविड रुग्णांसाठी. ते सी५एला धरतं, सी५बी-९ बनू देतं. सेप्सिससाठी मान्यता मिळालेलं कॉम्प्लिमेंटविरोधी औषध आज नाही, तेव्हा वॉर्डात कुणी छातीठोकपणे तसं सुचवलं तर त्याला थांबवा.

बाकीच्या, थोडक्यात

सीएच५० या एकूण कॉम्प्लिमेंटची ताकद मोजणाऱ्या चाचणीला सीरमच लागतं, ईडीटीए प्लाझ्मा पाठवू नका. दोन चाचण्या, दोन ट्यूब.

सीएच५० अगदी खाली, सी३-सी४ मात्र ठीक, असं आलं तर घाई नको. हिपॅटायटिस-सी किंवा क्रायोग्लोब्युलिन (थंडीत साकळणारी प्रथिनं) असलेल्यांचं सीरम थंडीतच चेततं. नवा नमुना काढा, ३७ अंशांना ठेवून वेगळा करा.

आर्टेरियल लाइनमधून (धमनीतल्या नळीतून) रक्त घेताना हेपरिन या गोठणं रोखणाऱ्या औषधाचं फ्लश आधी टाकून द्या, हेपरिन कॉम्प्लिमेंटमध्ये ढवळाढवळ करतं. ट्यूबमध्ये ई-कोलाय घालून प्रयोग करायचा असेल तर ईडीटीए आणि सायट्रेटही नकोत, कॅल्शियम गेलं की प्रयोगच गेला. जळूच्या लाळेतून मूळ सापडलेल्या हिरुडिनच्या जातीचं औषध घ्या, ते फक्त थ्रॉम्बिन अडवतं.

५६ अंशांना ३० मिनिटं तापवलेलं सीरम कॉम्प्लिमेंट म्हणून वापरायचं नसतं, तापवल्याने त्यातलं कॉम्प्लिमेंटच निकामी होतं. हे लिहावं लागतं याचं मला वाईट वाटतं, पण मागच्याच वर्षी लिहावं लागलं.

ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंना सी५बी-९ फोडू शकत नाही, त्यांची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असते. म्हणून तिथे कॉम्प्लिमेंटचं काम नाही असं म्हणू नका. सी३बीची खूण आणि सी५एचा दाह दोन्ही तिथेही आहेत.

पावसाळ्यानंतर आपल्याकडची आयसीयू डेंगी आणि लेप्टोने भरतात. गंभीर डेंगीमध्येही सी५बी-९ चांगलाच वाढतो, आणि लेप्टोस्पायरा हा लेप्टोचा जंतू कॉम्प्लिमेंटला आवरणारं आपलंच प्रथिन फॅक्टर एच स्वतःवर चिकटवून घेऊन कॉम्प्लिमेंटला चकवतो. हे रुग्ण जिवाणूजन्य सेप्सिसच्या गटात मिसळले तर आकड्यांचा अर्थ लागणार नाही. वेगळे ठेवा, आणि महिनाही नोंदवा.

उंदरांवर काम करणाऱ्यांनी वाण तपासावा. डीबीए/२ आणि ए/जे या वाणांत सी५ मुळातच नसतं. त्यांच्यात सी५ए अडवून "फरक पडला नाही" असं लिहिलेला एक मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. उंदराच्या पिंजऱ्यावरच्या कार्डाचा फोटो जोडल्याशिवाय मी आता प्राण्यांचं सीरम घेत नाही.