सुलताई अरायझन अपग्रेड करताय? या चुका टाळा

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या 'टार्किर: ड्रॅगनस्टॉर्म' संचासोबत 11 एप्रिल 2025 ला पाच कमांडर प्रीकॉन (चौघांत खेळल्या जाणाऱ्या कमांडर प्रकारासाठी तयार मिळणारे डेक) आले. त्यातला ग्रेव्हयार्डवर (वापरून झालेल्या आणि मेलेल्या कार्डांच्या ढिगावर) चालणारा डेक म्हणजे सुलताई अरायझन. काळा, हिरवा आणि निळा असे तीन रंग, आणि कमांडर टेव्हाल, द बॅलन्स्ड स्केल: चार मानाचा (माना म्हणजे कार्ड खेळायची किंमत, ती मुख्यतः लँड कार्डं देतात), 4/4 (हल्ला 4, टिकाव 4), उडणारा ड्रॅगन. पेटीतून काढून जसाच्या तसा खेळला तरी हा डेक छान चालतो. तो बिघडतो बहुतेक वेळा अपग्रेडनंतर. वीस-पंचवीस कार्डं बदलली, खिसा रिकामा झाला, आणि टेबलावर मात्र डेक पूर्वीपेक्षा मंद. असं का होतं ते टेव्हालच्या कार्डावरच लिहिलेलं आहे, फक्त ते नीट वाचायला हवं.

टेव्हाल दोन गोष्टी करतो. हल्ला केला की तुमची वरची तीन कार्डं मिल होतात, म्हणजे लायब्ररीतून (उचलायच्या गठ्ठ्यातून) थेट ग्रेव्हयार्डमध्ये जातात, आणि मग ग्रेव्हयार्डमधली एक लँड टॅप्ड (आडवी, म्हणजे वापरल्यासारखी) अवस्थेत बॅटलफील्डवर आणता येते. दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या ग्रेव्हयार्डमधून एक किंवा अधिक कार्डं बाहेर पडली की 2/2 झॉम्बी ड्रुइड टोकन (डेकमधलं कार्ड नसलेलं क्रीचर) मिळतं. ग्रेव्हयार्डमध्ये कार्ड गेल्याबद्दल टेव्हाल काहीच देत नाही. तो देतो ते बाहेर पडल्याबद्दल. अपग्रेडचा सगळा हिशोब या एका वाक्यावर करायचा.

मिल कार्डांची खोगीरभरती

सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. 'ग्रेव्हयार्ड डेक आहे ना, मग भरा ग्रेव्हयार्ड' म्हणून लोक दिसेल ते मिल कार्ड आत टाकतात. सहाव्या टर्नला ग्रेव्हयार्डमध्ये तीस कार्डं असतात, समोर बसलेले तिघे कौतुकाने बघतात, आणि तुमच्या बाजूला बॅटलफील्डवर एक टेव्हाल आणि दोन झॉम्बी. माळ्यावर टाकलेलं सामान खाली काढायला शिडीच नसेल तर ते घरात असून नसल्यासारखं.

माझ्या मते मिल करणारी आठ-दहा कार्डं पुष्कळ झाली, कारण टेव्हाल स्वतः दर हल्ल्याला तीन कार्डं टाकतच असतो. स्टिचर्स सप्लायर ठेवा: एक मानात आल्यावर तीन, मेल्यावर पुन्हा तीन. सॅटर वेफाइंडर ठेवा, तो सोबत लँडही हातात देतो. नुसतं मिल करून गप्प बसणारी मोठी जादूची कार्डं मात्र काढून टाका आणि त्या जागा बाहेर काढणाऱ्या कार्डांना द्या.

'एक किंवा अधिक' हे शब्द न वाचणं

दहा क्रीचर एकदम परत आणले म्हणून दहा झॉम्बी मिळत नाहीत. एकदम बाहेर पडलेली कार्डं मिळून एकच ट्रिगर होतो, म्हणजे टेव्हालचा परिणाम एकदाच घडतो. लिव्हिंग डेथ खेळलात तर तुमच्या ग्रेव्हयार्डमधले सगळे क्रीचर एका झटक्यात एक्झाइल होतात (ग्रेव्हयार्ड सोडून बाजूला काढले जातात), म्हणून झॉम्बी एक. लाइफ फ्रॉम द लोमने तीन लँड हातात घेतल्या, तरीही एक. म्हणजे या डेकला एक मोठा धमाका नको आहे. त्याला हवी आहे थेंबथेंब गळती, आणि तीही दर टर्नला.

एक टर्न मोजून पाहू. बॅटलफील्डवर टेव्हाल, क्रुसिबल ऑफ वर्ल्ड्स आणि स्कॅव्हेंजिंग ऊझ आहेत. ग्रेव्हयार्डमध्ये इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स ही लँड आणि इतर पाच-सहा कार्डं. क्रुसिबलमुळे ग्रेव्हयार्डमधून इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स खेळलात: पहिला झॉम्बी. तिचा बळी देऊन बेसिक लँड शोधलीत, ती पुन्हा ग्रेव्हयार्डमध्ये. टेव्हालने हल्ला केला, तीन कार्डं मिल झाली, आणि तीच इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स परत आणलीत: दुसरा झॉम्बी. मग ऊझला एक-एक हिरवा माना देऊन आपल्याच ग्रेव्हयार्डमधली दोन कार्डं एकेक करून एक्झाइल केलीत: तिसरा आणि चौथा. हातातलं एकही स्पेल न खेळता चार झॉम्बी, वर दोन लँड शोधण्याची सोय, एक आत्ता आणि एक पुढच्या टर्नला. एक्झाइल केलेलं कार्ड क्रीचर असेल तर ऊझ वाढतो आणि एक लाइफही मिळतं.

स्कॅव्हेंजिंग ऊझकडे बहुतेक जण दुसऱ्याचं ग्रेव्हयार्ड खाणारं कार्ड म्हणून बघतात. इथे तो स्वतःचं ग्रेव्हयार्ड खातो, आणि हव्या त्या क्षणी खातो. या डेकमध्ये पहिला पैसा खर्च करायचा तर मी तो ऊझवर करेन. डेथराइट शामन त्याच जातीचा: ग्रेव्हयार्डमधली लँड एक्झाइल करून माना देतो आणि सोबत झॉम्बी मिळतो. फ्लॅशबॅकची (ग्रेव्हयार्डमधून एकदा पुन्हा खेळता येणारी) कार्डं चांगली, कारण खेळताना कार्ड ग्रेव्हयार्ड सोडतं. एस्केप (ग्रेव्हयार्डमधलीच इतर कार्डं एक्झाइल करून तिथून खेळणं) त्याहून बरं, कारण एकदा ते कार्ड स्वतः बाहेर पडतं आणि मग किंमत म्हणून बाकीची कार्डं बाहेर पडतात. पेटीतच मिळणारा कोटिस, सिबसिग चॅम्पियन याच कारणासाठी डेकमधून काढू नका. तो दर टर्नला ग्रेव्हयार्डमधून एक क्रीचर खेळू देतो आणि त्यासाठी तिथलीच तीन कार्डं एक्झाइल करायला लावतो.

एक खुलासा इथेच करून टाकतो, कारण यावर टेबलावर वाद होतात. टोकन मेलं की क्षणभर ग्रेव्हयार्डमध्ये जाऊन नाहीसं होतं, पण टोकन हे कार्ड नाही. त्यामुळे टोकनं मेली म्हणून टेव्हालचा ट्रिगर होत नाही.

लँडमध्ये काटकसर, आणि नको त्या लँड काढणं

तीन रंगांच्या प्रीकॉनमध्ये टॅप्ड येणाऱ्या लँड जास्त असतात. म्हणून सरसकट सल्ला दिला जातो की टॅप्ड लँड काढा. तो ऐकून लोक इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स आणि टेरामॉर्फिक एक्सपान्सवरही फुली मारतात आणि टेव्हालचे हातपायच कापतात. या लँड स्वतःहून ग्रेव्हयार्डमध्ये जातात आणि टेव्हालला परत आणायला काहीतरी मिळतं. फेबल्ड पॅसेज मिळाली तर उत्तमच. काढायच्याच असतील तर नुसत्या दोन रंग देणाऱ्या आणि टॅप्ड येण्यापलीकडे काहीही न करणाऱ्या लँड काढा.

खेळतानाची एक अडचण इथे येते. टेव्हालने परत आणलेली लँड टॅप्ड येते. इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स वापरायला ती टॅप करावी लागते. म्हणजे हल्ल्यात आणली आणि लगेच वापरली, असं होत नाही. पुढच्या अनटॅपपर्यंत थांबावं लागतं. क्रुसिबल किंवा रामुनाप एक्सकव्हेटरने ग्रेव्हयार्डमधून खेळली तर ती अनटॅप्ड येते आणि तिथल्या तिथे वापरता येते. त्यामुळे शक्य असेल तर हल्ल्याआधी लँड खेळून वापरून घ्या, म्हणजे टेव्हालला तीच परत उचलता येते. आणि टेव्हाल नुकत्याच मिल झालेल्या तीन कार्डांतलीच लँड उचलतो असं समजू नका. ग्रेव्हयार्डमधली कुठलीही चालते.

लँडची संख्या 37 च्या खाली नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. इतर डेकमध्ये जादा लँड हातात पडून राहते, इथे तीच झॉम्बीचं कारण होते.

टेव्हाल ड्रॅगन आहे म्हणून ड्रॅगन, टोकन झॉम्बी आहे म्हणून झॉम्बी

सहा-सात मानाचे देखणे ड्रॅगन आत येतात आणि डेक पाचव्या टर्नपर्यंत हात बांधून बसतो. टेव्हालला इतर ड्रॅगनशी काही देणंघेणं नाही. झॉम्बींना बळ देणारे लॉर्ड थोडे बरे, पण तेही आधी झॉम्बी असतील तरच कामाचे. एखाद-दुसरा ठेवा. मोठं क्रीचर घ्यायचंच असेल तर मुलड्रोथा घ्या. ती प्रत्येक टर्नला ग्रेव्हयार्डमधून प्रत्येक प्रकारचं एक पर्मनंट (बॅटलफील्डवर राहणारं कार्ड) खेळू देते, म्हणजे प्रत्येक वेळी वेगळा झॉम्बी.

याच ओघात आणखी एक: लायब्ररी संपेल या धास्तीने कोझिलेक, बुचर ऑफ ट्रुथ किंवा उलामोग, द इन्फिनिट जायर टाकणं. ते ग्रेव्हयार्डमध्ये पडले की सगळं ग्रेव्हयार्ड लायब्ररीत मिसळतं. तुम्ही मिल करणार, ते कधी ना कधी पडणार, आणि जमवलेलं सगळं गेलं. लायब्ररी खरंच संपत आली असेल तर टेव्हालने हल्ला करणं थांबवा. तोवर झॉम्बी पुरेसे असायला हवेत.

समोरचा ग्रेव्हयार्ड एक्झाइल करेल हे गृहीत न धरणं

तिघांपैकी कोणाकडे तरी बोजुका बॉग असणारच. लँडच ती, कुठल्याही काळ्या डेकमध्ये सहज बसते. तिच्यावर रडण्यात अर्थ नाही. एक तर ती तुमचं ग्रेव्हयार्ड एक्झाइल करते तेव्हाही कार्डं बाहेर पडतात, म्हणून एक झॉम्बी मिळतोच. शिवाय तिचा ट्रिगर लागू होण्याआधी ऊझने एकेक कार्ड खाऊन घेता येतं, हिरवा माना असेल तितके झॉम्बी. म्हणून दुसऱ्यांच्या टर्नमध्ये दोन हिरव्या लँड उभ्या ठेवायची सवय लावा.

खरा घाव घालतं ते रेस्ट इन पीस हे एन्चांटमेंट (टेबलावर राहून परिणाम करणारं कार्ड). ते आलं की ग्रेव्हयार्ड एकदा साफ होतं, आणि त्यानंतर तिथे काही जातच नाही. डेक तिथेच थांबतो. याला उत्तर एकच, एन्चांटमेंट मोडणारी कार्डं, आणि इथेच लोक हात आखडता घेतात. अपग्रेडमध्ये आधी काढली जातात ती 'कंटाळवाणी' रिमूव्हल कार्डं (समोरच्यांची कार्डं काढून टाकणारी), आणि मग एक दोन मानाचं पांढरं कार्ड अख्खा डेक गिळून बसतं. असॅसिन्स ट्रॉफी, बीस्ट विदिन, नेचर्स क्लेम आणि हेवायर माइट ही चारही आत असावीत. हेवायर माइट एका मानाचा, आणि रेस्ट इन पीस टेबलावर असतानाही तो आपलं काम करतो. दुसरी बाजूही बघा: रेलिक ऑफ प्रोजेनिटससारखी कार्डं आपल्या डेकमध्ये विचार करूनच घ्या. त्याची दुसरी क्षमता सगळ्यांची ग्रेव्हयार्ड साफ करते, तुमचंही.

टेव्हाल मेला की काय करायचं

सवयीने सगळे त्याला लगेच कमांड झोनमध्ये (कमांडरच्या राखीव जागेत) नेतात आणि पुढच्या वेळी दोन माना जास्त मोजतात. 2020 पासूनच्या नियमाप्रमाणे कमांडर आधी ग्रेव्हयार्डमध्ये जातो, आणि तिथून कमांड झोनमध्ये न्यायचा की नाही हे तुम्ही ठरवता. हातात रीअॅनिमेट (ग्रेव्हयार्डमधलं क्रीचर परत आणणारं कार्ड) असेल तर त्याला तिथेच राहू द्या. एक माना आणि चार लाइफ, टेव्हाल परत. मधल्या काळात कोणी ग्रेव्हयार्ड एक्झाइल केलं तर? एक्झाइल झाल्यावरही कमांड झोनमध्ये न्यायची संधी मिळते, म्हणून भीती नको.

टेव्हाल पहिल्याच फेरीत मरत असेल तर स्विफ्टफूट बूट्स घ्या. हेक्सप्रूफ, म्हणजे समोरच्यांना जादू टेव्हालवर रोखता येत नाही, आणि हेस्ट, म्हणजे आल्या टर्नलाच हल्ला. लायटनिंग ग्रीव्ह्ज फुकट बसतात, पण श्राउडमुळे तुमचीही जादू टेव्हालला लागत नाही.

पॉडला (टेबलावरच्या सोबत्यांना) न सांगता ब्रॅकेट बदलणं

2025 मध्ये कमांडरसाठी एक ते पाच अशी ब्रॅकेट पद्धत, म्हणजे डेकच्या ताकदीच्या पातळ्या, आली. प्रीकॉन साधारण दुसऱ्या ब्रॅकेटमध्ये बसतात, आणि तिथे गेम चेंजर यादीतलं (डाव फिरवणाऱ्या कार्डांच्या यादीतलं) एकही कार्ड चालत नाही. डीमॉनिक ट्यूटर त्या यादीत आहे. एकच तर कार्ड टाकलं असं म्हणून चालत नाही. तुम्ही तिसऱ्या ब्रॅकेटमध्ये गेलात, जिथे अशी तीनपर्यंत चालतात. जाण्यात गैर काही नाही. पण ज्यांच्यासोबत दर आठवड्याला बसता ते प्रीकॉनच खेळत असतील तर बसण्याआधी सांगा.

पैशाचंही तेच. सगळं एकदम मागवू नका. भारतात एकेक कार्ड मागवताना शिपिंगच कित्येकदा कार्डापेक्षा जड पडतं, त्यामुळे एकदम पंचवीस मागवायचा मोह होतो. त्याऐवजी आधी दहा जागा ठरवा, त्या कार्डांचे कागदी प्रॉक्सी (बदली कार्डं) करून पॉडच्या परवानगीने चार-पाच डाव खेळा, आणि जी खरंच हातात आल्यावर आनंद देतात तीच मागवा. मुंबई-कोकणात असाल तर फॉइल कार्डं पावसाळ्यात वाकतात. टेव्हाल कमांड झोनमध्ये बसतो म्हणून त्याचं चालतं. पण डेकमधलं वाकलेलं फॉइल पाठीवरूनच ओळखू येतं, म्हणून डेकसाठी साधं कार्डच घ्या.

आणि टेबलावर एक सवय ठेवा. ग्रेव्हयार्डमधल्या लँड, क्रीचर आणि बाकीची कार्डं वेगवेगळी पसरून मांडा, म्हणजे समोरच्यांनाही दिसतात आणि तुम्हालाही शोधावं लागत नाही. क्रम महत्त्वाचा असलेलं एखादं जुनं कार्ड कोणाकडे नाही ना, एवढं आधी विचारून घ्या. काय परत आणायचं ते दुसऱ्यांच्या टर्नमध्ये ठरवून ठेवा. झॉम्बी टोकनं डझनभर तरी जवळ असू द्या, नाहीतर आठव्या टर्नला टॅप्ड झॉम्बी कुठले आणि अनटॅप्ड कुठले यावरच अर्धा डाव जातो.