तीन तिकिटांत 15 पर्यंत कसं पोचायचं

परवा म्हापशाच्या घरी आजोबांचा तिकिटांचा अल्बम काढला, पोर्तुगीज अमदानीतली तिकिटं, कुठलं 1 तांगा (तेव्हाचं गोव्यातलं चलन) कुठलं 2, आणि भाचीने विचारलं, मामा, तीनच किमतींची तिकिटं छापायची तर कुठल्या छापायच्या? हा नंबर थिअरीतला, म्हणजे पूर्णांकांच्या गणितातला, अस्सल प्रश्न आहे, पोस्टेज स्टॅम्प प्रॉब्लेम. पावसात घरी बसून वही-पेन्सिल घेऊन करा, मजा येते.

समजा पाकिटावर फार तर 3 तिकिटं लावायची, एकच किंमत परत वापरली तरी चालेल. 1 पासून सलग कुठपर्यंतची रक्कम जमते ते बघायचं, ती त्या किमतींची पोच, पहिली रक्कम अडली की तिथेच थांबायचं.

आधी किमती धरा, 1, 4, 5. वहीत 0 पासून रकमा लिहा, प्रत्येकीखाली तिला कमीत कमी किती तिकिटं लागतात तो आकडा, 0 खाली 0. मग प्रत्येक रकमेतून 1, 4, 5 वजा करून मागे बघा, तिथल्या आकड्यांत जो सगळ्यात लहान त्यात 1 मिळवा, झालं. 8 साठी मागे 7, 4, 3 येतात, त्यांच्याखाली 3, 1, 3, म्हणून 8 ला 2 तिकिटं, 4+4. सगळे इथेच फसतात, मोठं तिकीट आधी लावायचं म्हणून 5 लावतात आणि मग 1+1+1, म्हणजे 4 तिकिटं, पाकिटाबाहेर! असं करत 15 पर्यंत सगळं जमतं, 16 अडतं कारण 5+5+5 च्या पुढे जागाच नाही.

आता किमती निवडायच्या कशा. 1 हवाच. पुढची किंमत आतापर्यंतच्या पोचीपेक्षा फार तर 1 ने मोठी घ्या, नाहीतर मधली रक्कम कायमची सुटते. नुसत्या 1 ची पोच 3, म्हणून दुसरी किंमत 2, 3 किंवा 4. त्यात 1, 3 सगळ्यात चांगली जोडी, 7 पर्यंत जाते, 1, 4 फक्त 6. पण 1, 3 ला तिसरी कुठलीही जोडा, 12 च्या पुढे जातच नाही, मी 4 ते 8 सगळ्या करून बघितल्या! आणि मागे पडलेली 1, 4 मात्र 5 घेऊन 15 गाठते. म्हणून चांगली जोडी मिळाली की बाकीच्या खोडून टाकू नका, सगळ्या फांद्या तपासा.

दोनच किमती असतील तर जास्तीत जास्त पोचीचं सूत्र आहे, तिकिटांच्या संख्येचा वर्ग, अधिक तिची सहापट, अधिक 1, भागिले 4, अपूर्णांक सोडा. 3 तिकिटांना 28 भागिले 4, बरोबर 7.

जमलं की 4 तिकिटं 3 किमती घ्या, 1, 5, 8 ने 26 येतं, स्वतः तक्ता करून बघा.