कलिंगडाची सेटिंग (फळधारणा): मोजके पराग पुरत नाहीत

डिसेंबर-जानेवारीत लावलेल्या कलिंगडाला आता मादी कळ्या दिसू लागतील. फळाचा आकार याच पंधरवड्यात ठरतो. नंतर कितीही विद्राव्य खत सोडलं तरी वाकडं फळ सरळ होत नाही.

मादी फूल ओळखायला सोपं. पाकळ्यांखाली वाटाण्याएवढं, लव असलेलं कलिंगडच चिकटलेलं असतं आणि फुलाच्या मध्यभागी कुक्षीचे, म्हणजे पराग झेलणाऱ्या अवयवाचे, तीन चिकट भाग. नर फुलं आधी येतात, संख्येनंही जास्त. ती गळताना पाहून घाबरू नका. फूल सूर्योदयानंतर तासा-दोन तासांत उमलतं, दुपारी मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. तेवढ्या वेळात साधारण 500 ते 1000 परागकण तिन्ही भागांवर पडायला हवेत. त्यासाठी एकेका फुलावर मधमाशीच्या आठेक फेऱ्या तरी व्हाव्या लागतात.

इतके कशाला? एका बीजांडाला (ज्याचं पुढे बी होतं) तर एकच कण पुरतो. पण कुक्षीवर पडलेला प्रत्येक कण रुजत नाही. जे रुजतात त्यांच्यातून निघालेल्या बारीक परागनलिका खाली बीजांडांकडे धावतात आणि आधी पोचेल तिचाच नंबर लागतो. गर्दी असली की दमदार कण पुढे निघतात. मोजकेच पडले तर कमजोर कणांचंही भागून जातं, शिवाय देठाकडची लांबची बीजांडं रिकामी राहतात. बी भरतं तिथे गर फुगतो. वाकडं फळ उभं कापून पाहा: आखडलेल्या बाजूचं बी चपटं आणि पांढरं दिसेल. देठाकडे निमुळतं, बाटलीसारखं फळ बहुतेक वेळा याच कारणानं होतं.

क्रॉप कव्हर (वेलांवर अंथरायचं पातळ कापड) घातलं असेल तर मादी फुलं दिसताच काढा. ‘अजून चार दिवस राहू दे, नाहीतर नागअळी (पानं पोखरणारी अळी) येईल’ हा हिशेब अंगाशी येतो, कारण कापडाखाली माशी जात नाही.

सातेरी किंवा मेलिफेरा या पाळीव मधमाश्यांच्या पेट्या एकरी दोन धरा. त्या पहिली मादी फुलं उमलल्यावर, संध्याकाळी आणून ठेवा. फार आधी आणल्या तर माश्या शेजारच्या दुसऱ्या फुलोऱ्याची सवय लावून घेतात. पेटीजवळ सावली हवी, आणि उथळ भांड्यात पाणी ठेवून त्यात खडे टाका, नाहीतर माश्या बुडतात. पेटी हाताळण्याचं शिक्षण पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मिळतं.

फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधं फवारणीतून नकोत, ठिबकमधूनही नकोत. ती फुलांच्या मकरंदात आणि परागात उतरतात. बुरशीनाशक अगदी लागलंच तर फुलं मिटल्यावर, सूर्य कलल्यावर मारा. सकाळी ओल्या झालेल्या फुलातले पराग वाया जातात. नत्र जास्त झालं की वेल माजतो आणि फळधारणा मागे पडते, म्हणून या दिवसांत युरियाचा हात आखडता ठेवा.

माश्या दिसतच नसतील तर हातानं परागीकरण करा. सकाळी फुलं उमलल्यावर लगेचची वेळ चांगली. त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि बोटाला पिवळी भुकटी लागते का ते पाहा. लागत असेल तरच तिन्ही भागांवर हलकेच फिरवा. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरा. एकाच भागावर घासून पुढे जाणं ही मजुरांची नेहमीची चूक, आणि त्यातूनच एका बाजूनं बसकं फळ येतं.

बिनबियांच्या वाणाचे स्वतःचे पराग निकामी असतात. दर तीन रोपांमागे बियांच्या वाणाचं एक रोप हवंच, आणि दोघांचा फुलोरा एकाच वेळी यायला हवा.

घरच्या लाल भोपळ्याचं बियाणं धरणाऱ्यांनी तर पराग भरपूर वापरावेत. भोपळावर्गातल्या प्रयोगांत भरपूर परागांपासून झालेल्या बियांची रोपं अधिक जोमदार निघाली आहेत. उद्या उमलणाऱ्या, टोकाला पिवळ्या पडलेल्या नर-मादी कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधा, म्हणजे माश्या दुसऱ्या वाणाचे पराग आणणार नाहीत. सकाळी लवकर सोडा, त्याच वाणाच्या वेगवेगळ्या वेलांवरची दोन-तीन नर फुलं एका मादी फुलावर फिरवा, मादी फूल परत बांधा आणि बियाण्याचं फळ ओळखू यावं म्हणून देठाला रंगीत दोरा अडकवा.