बेदाण्याचा हंगाम: पाणी लवकर काढा, साल फाटू देऊ नका

तासगाव, मिरज, पंढरपूर भागात फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षे वाळवायच्या शेड भरलेल्या असतात. दर रंगावर ठरतो, म्हणून सगळे लक्ष रंग टिकवणाऱ्या गंधकाच्या धुरीकडे जाते. खरे तर रंगाचे निम्मे काम शेडवर माल येण्याआधीच झालेले असते.

सुरुवात गोडीपासून. बेदाण्यासाठी द्राक्षात २२ ते २४ ब्रिक्स (रसातल्या गोडीचे माप, साधारण साखरेची टक्केवारी) हवी. घाई करून १८ ब्रिक्सला माल उतरवला तर १०० किलो द्राक्षांपासून साधारण २१ किलो बेदाणा मिळतो. २३ ला उतरवला तर २७ किलोपर्यंत जातो. वाळताना फक्त पाणी उडते, साखर तेवढीच राहते. हिशेब इतका सरळ आहे. कमी गोडीचा मणी वाळल्यावर चपटा आणि सुरकुतलेला दिसतो, तो भाग वेगळाच.

आता डिपिंग, म्हणजे वाळवण्याआधी घड द्रावणात बुडवणे. मण्यावर मेणाचा पातळ थर असतो आणि तो आतले पाणी अडवून धरतो. डिपिंग ऑइल या थराची घडी विस्कटते, त्यामुळे पाण्याला वाट मिळते. सर्वसाधारण प्रमाण लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, बुडवण्याचा वेळ २ ते ४ मिनिटे. आधी पावडर पाण्यात पूर्ण विरघळवा, मग ढवळत ढवळत तेल सोडा. द्रावण दुधाळ झाले पाहिजे. तेलाचा तवंग वर तरंगत असेल तर काही घड तेलकट होतील, काही कोरडेच राहतील. द्रावणाचा सामू (पीएच) ११ च्या आसपास लागतो. फुटलेल्या मण्यांचा आंबट रस टाकीत उतरत राहतो तसा सामू घसरतो आणि तेल सुटे होऊ लागते. सामू कागदाची एक पट्टी खिशात ठेवा. द्रावण कधी बदलायचे हे अंदाजापेक्षा ती बरे सांगते. पावडर वाढवली की लवकर वाळते, हा समज मात्र सोडा. जास्त तीव्र द्रावणाने साल दुखावते.

साल दुखावली की मणी तपकिरी पडतो. मण्यातले विकर (एन्झाइम) आणि फिनॉल नावाची रसायने एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटल्या की ते एकत्र येतात, हवा लागते आणि रंग जातो. चिरलेले सफरचंद काळवंडते ते याच कारणाने. म्हणून घड क्रेटमध्ये दाबून भरू नका, डिपिंगपूर्वीच फुटके आणि सडके मणी कात्रीने काढा, आणि हिरवा बेदाणा हवा असेल तर थेट ऊन लागू देऊ नका. सावलीत खेळती कोरडी हवा हवी. रॅकवर घड एकावर एक आले की मधला माल दमट राहतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. संध्याकाळी दव पडायच्या आत पडदे सोडा. ढग भरून आले तर आणखी लवकर.

गंधकाची धुरी विकराला आवर घालते, पण आधीच तपकिरी झालेल्या मण्याला ती पुन्हा ताजा हिरवा करत नाही. जास्त धुरी दिली तर मालात गंधकाचा अंश वाढतो आणि माल परत येतो. धुरी चालू असताना आत कोणीही थांबू नये.

ओलावा १४ ते १६ टक्क्यांवर आला की माल काढा. मूठभर बेदाणा दाबून सोडला तर मणी सुटे झाले पाहिजेत. गोळा राहिला तर आणखी एक-दोन दिवस द्या. या ओलाव्याला उरलेले पाणी साखर धरून ठेवते, बुरशीच्या हाती लागत नाही. पण सरासरी फसवते: मोठे मणी ओले आणि बारीक कोरडे असे मिसळलेले असतील तर ओल्यांभोवती बुरशी धरतेच. म्हणून मळणीनंतर (मणी देठापासून सुटे केल्यावर) चाळणी करून आकार वेगळे करा. उन्हात तापलेला माल लगेच प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, आत घाम सुटतो. शीतगृहातून काढलेली पेटीही बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत बंदच राहू द्या. लगेच उघडली तर हवेतले बाष्प थंड मण्यांवर पाणी होऊन बसते.