सगळे सर्व्हर अल्मालिनक्स 9 वर आणताना

भोसरीच्या ऑफिसात निम्मे सर्व्हर सेंटओएस 7 वर, निम्मे उबुंटूवर; दोन्ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम. सेंटओएस 7 चे अपडेट 30 जून 2024 ला संपले, म्हणून सगळीकडे अल्मालिनक्स 9 ही दुसरी लिनक्स टाकली.

पहिलं व्हर्च्युअल मशीन बूट होतानाच कोसळलं. या आवृत्तीला एक्स86-64-व्ही2 पातळीचा, म्हणजे काही नव्या सूचना समजणारा, प्रोसेसर लागतो. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या केव्हीएममध्ये प्रोसेसरचं जुनं मॉडेल निवडलेलं होतं. 'होस्ट-पासथ्रू' (खऱ्या मशीनचाच प्रोसेसर दाखवणं) केल्यावर सुरू झालं.

खरी डोकेदुखी उबुंटूवरच्या वेबसाइटची. आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने फायली आल्या, पण त्यांचा मालक क्रमांक उबुंटूच्या वेब सर्व्हरचा 33 च राहिला. इथे अपाचे या वेब सर्व्हरचा 48. चाउन कमांडने मालकी बदलली, तरी 403 (परवानगी नाही) हा एरर येतच राहिला. फायली आधी होम फोल्डरमध्ये उतरवून एमव्ही कमांडने हलवल्या होत्या, आणि कोणता प्रोग्राम कोणती फाइल वाचू शकतो हे लेबलांवरून ठरवणाऱ्या एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेचं जुनं लेबल एमव्ही तसंच ठेवतं. अशा वेळी एसईलिनक्सच बंद करायचा मोह होतो, तो कृपया आवरा. वेबसाइटच्या फोल्डरवर लेबलं पुन्हा योग्य करणारं 'रीस्टोअरकॉन -आर' चालवलं, साइट लगेच उघडली.