झोपाळ्याच्या कड्या गणपतीआधी तपासा

गणपतीला मुंबईची मंडळी आली की ओटीवरच्या झोपाळ्यावर चार-चार जण बसणार, त्याआधी कड्या नि वरचा हूक नीट बघून घ्या. इतकी वर्षं टिकलं म्हणजे पुढेही टिकेल असं लोखंडाचं नसतं, प्रत्येक झोक्याला त्याच्यावर ताण येतो-जातो, कुठेतरी बारीक चीर पडते, ती हळूहळू आत सरकते आणि एक दिवस उरलेल्या भागाला वजन पेलत नाही, खाडकन तुटतं. याला मेटल फटीग म्हणतात, १९५४ मध्ये कॉमेट विमानं हवेत फुटली ती यामुळेच. त्यात आपल्याकडे खारी हवा, गंजाचा खड्डा पडला की चिरेला आयतीच सुरुवात.

बघायचं कुठे तर कडी हुकात घासते ती जागा, वेल्डिंगची कड आणि बोल्टचे आटे. गंज नि रंग खरवडून काढा, रॉकेल लावा (मिळतंय कुठे म्हणा, डिझेल चालतं), थोड्या वेळाने कोरडं पुसा आणि वर खडू घासा. चीर असेल तर आतलं तेल खडूवर बारीक काळपट रेघ उमटवतं. अगदीच केसाएवढी असेल तर सुटूही शकते, म्हणून जागा झिजलेली दिसली तर टेस्टच्या भानगडीत न पडता कडी बदला. चिरेवर वरून वेल्डिंग मारून घेऊ नका, खालची चीर तशीच राहते. नवीन स्टेनलेसचं घेणार असाल तर ३१६ ग्रेड मागा, ३०४ ला समुद्राकाठी डाग नि खड्डे लवकर पडतात.