स्काय बेटावर बुटीक हॉटेल ठरवण्याआधीची तयारी

स्कॉटलंडच्या सहलीत आइल ऑफ स्कायच्या वाट्याला साधारण दोन-तीन रात्री येतात. बुटीक, म्हणजे लहान आणि खास सजवलेलं, हॉटेल शोधायला बसलं की नजर आधी बाथटबवर आणि खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यावर जाते. ते फोटो थोडा वेळ बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा. बेट टोकापासून टोकापर्यंत सुमारे ८० किलोमीटर आहे, पण पसरलेल्या पंजासारखं फाटलेलं. एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जायचं तर बहुतेक वेळा तळव्यापर्यंत मागे यावं लागतं. त्यामुळे आधी बोट ठरवायचं, मग हॉटेल.

स्टॉरचा सुळका आणि क्विरँगचे कडे पाहायचे असतील तर उत्तरेचा ट्रॉटर्निश भाग किंवा पोर्ट्री गाव सोयीचं. डनव्हेगनचा किल्ला आणि नीस्ट पॉइंटचं दीपगृह पश्चिमेला. फेअरी पूल्स नावाचे ओढ्यातले डोह आणि टॅलिस्कर व्हिस्कीची डिस्टिलरी डोक्यात असेल तर कार्बोस्ट किंवा स्लिगाखन. दक्षिणेचा स्लेट भाग हिरवा, निवांत, आणि तिथे जुन्या घरांची देखणी हॉटेलं झाली आहेत, पण तिथून क्विरँगला जायला दीड-दोन तास सहज लागतात, आणि तितकेच परत यायला. माझं मत सांगायचं तर दोनच रात्री असतील तर पोर्ट्रीच्या आसपास राहावं. चार असतील तर त्या दोन ठिकाणी वाटाव्यात आणि शेवटच्या स्लेटला काढाव्यात.

बेटावर कसं पोहोचणार हे हॉटेलचे पैसे भरण्याआधी पक्कं हवं. १९९५ पासून पूल आहे आणि २००४ पासून त्याला टोल नाही, म्हणजे गाडी असेल तर प्रश्न नाही. मुख्य भूमीवरच्या मॅलेगहून बेटावरच्या आर्मडेलला फेरीबोटीने जायचं ठरवलंत तर गाडीची जागा आधी राखून ठेवा. जोराच्या वाऱ्यात फेरी रद्द होऊ शकते, म्हणून त्या दिवशी पुलाने वळसा घालायला किती वेळ लागेल तेही पाहून ठेवा. इन्व्हर्नेसहून काइल ऑफ लॉकाल्शपर्यंत रेल्वे येते, पुढे बस. गाडी न घेता येणाऱ्यांनी पोर्ट्रीखेरीज दुसरीकडे हॉटेल घेऊच नये, कारण बस मोजक्या आहेत आणि रविवारी आणखी कमी.

गाडी घेणार असाल तर भारतीय परवाना पर्यटकाला चालतो आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने जातात. अडचण येते ती एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांची. समोरून गाडी आली की पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे कडेला रुंद केलेल्या जागेत, शिरायचं. ती जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, पलीकडे घुसायचं नाही. अंधारात, पावसात, मेंढ्या आडव्या येत असताना हे करायला मजा येत नाही, आणि म्हणूनच पुढचा मुद्दा मला खोलीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

तो म्हणजे रात्रीचं जेवण. एकदा हॉटेलवर पोहोचलात की आसपास दुसरं काही उघडं असेलच असं नाही. स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. रात्री नऊनंतर ताटाची आशा धरू नये. म्हणून खोली घेताना त्याच मेलमध्ये जेवणाचं टेबलही मागा आणि आठवड्यात कोणत्या दिवशी तिथलं रेस्टॉरंट बंद असतं ते विचारा. कॉल्बोस्टच्या थ्री चिमनीजसारखी ठिकाणं मुळात जेवणासाठी नावाजलेली आहेत. तिथे टेबल मिळत नसेल तर नुसत्या खोलीसाठी एवढे पैसे घालण्यात अर्थ नाही.

शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून थांबू नये. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, मांसाचा किंवा माशाचा रस्सा आणि जिलेटिन नको, हे एकेक करून कळवा. ठरलेल्या मेन्यूचं हॉटेल असेल तर आठवडाभर आधी. नाश्त्यातलं ब्लॅक पुडिंग रक्ताचं असतं आणि हॅगिस मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचं, पण शाकाहारी हॅगिसही बऱ्याच ठिकाणी मिळतं आणि ते चवीला खरंच चांगलं लागतं. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे: लँगुस्टीन (मोठ्या कोळंबीसारखे), खेकडे, स्कॅलप्स (एक प्रकारचे शिंपले). मालवणच्या किंवा गोव्याच्या माणसाला तिखटाची आठवण होईल. तरी पहिल्या दिवशी ते नुसतं लोण्यात खाऊन बघावं, मसाल्याची पुडी बॅगेतच राहू द्यावी. आडवेळेसाठी पोर्ट्री किंवा ब्रॉडफर्डच्या दुकानातून ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवावीत.

आता खोली. जुन्या घरांत लिफ्ट नसते, जिने अरुंद असतात. आई-बाबा बरोबर असतील तर तळमजला मागा. ‘डबल’ म्हणजे एकच पलंग, दोन वेगळे हवे असतील तर ‘ट्विन’. काही छोटी हॉटेलं लहान मुलांना घेत नाहीत, हे अटींत बारीक अक्षरांत असतं. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, तेव्हा जाड पडदे आहेत का विचारा. उन्हाळ्यात मिज नावाची बारीक चावरी चिलटं संध्याकाळी वारा पडला की घोळक्याने येतात. खिडक्यांना जाळी आहे का तेही विचारा आणि अंगाला लावायचं औषध तिथल्याच दुकानातून घ्या.

मे ते सप्टेंबरसाठी चांगल्या खोल्या कित्येक महिने आधी संपतात, तर थंडीत बरीच हॉटेलं बंदच असतात. दर पाहताना त्यात फक्त नाश्ता आहे की रात्रीचं जेवणही, हे नीट वाचा. कधीकधी महाग वाटणारा दर जेवण धरून स्वस्त पडतो. हॉटेलऐवजी घरगुती बी अँड बी (खोली आणि नाश्ता) घेणार असाल तर जाहिरातीत परवाना क्रमांक दिसतो का पाहा. स्कॉटलंडमध्ये अशा निवासांना आता तो लागतो. शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो. तो हातात पडेपर्यंत रद्द करता येईल असंच बुकिंग ठेवा, चार पैसे जास्त गेले तरी.

निघण्याआधी हॉटेलकडून नेमका रस्ता लिहून घ्या. खेड्यात एकच पोस्टकोड बऱ्याच घरांना असतो आणि जीपीएस तुम्हाला भलत्याच शेताच्या फाटकाशी नेऊन सोडू शकतं. पूल ओलांडल्यावर फोनची रेंज जाते-येते, म्हणून बेटाचा नकाशा पूल ओलांडण्याआधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा आणि हॉटेलचा नंबर कागदावर लिहून ठेवावा.